रिपोर्ट आल्यानंतरचे दिवस



एखादीला ‘परळला नेलंय’ असं गावात कुणी सांगितलं, की ऐकणारीचा आवाज आपोआप खाली येतो. पुढं कुणी काही विचारत नाही. आजाराचं नावही घेत नाही. ‘तो रोग’, ‘मोठं दुखणं’ असं काहीतरी म्हणून विषय मिटवतात. जिला आजार झालाय ती मात्र रात्रभर जागी असते. घास घशाखाली उतरत नाही, छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. माझं काय होणार, पोरांचं काय होणार, पैसा कुठून येणार, हेच डोक्यात फिरत राहतं.

कॅन्सर कसा ओळखायचा आणि उपचार कोणते, हे आपण या कार्यक्रमात बोललो आहोत. आज आपण या भीतीबद्दल बोलणार आहोत. गटांच्या बैठकांना गेलं की आम्हाला एक गोष्ट वारंवार ऐकू येते. रिपोर्ट आल्यानंतरचे कितीतरी दिवस बायका घरातच काढतात. कुणी कागद पेटीच्या तळाशी ठेवते, कुणी ‘सुगी होऊ दे’ म्हणते, कुणी ‘लेकीचं लग्न उरकू दे’ म्हणते. आजार काही सुगीसाठी थांबत नाही. म्हणजे ही भीती मनाला त्रास देते, आणि उपचाराचा वेळही खाते.

तेव्हा शेजारीण सांगते, ‘धीर धर.’ पण धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? याचं उत्तर शोधताना आम्ही मुंबईतल्या परळ, लालबाग, दादर या भागाचा इतिहास वाचला. शंभर-सव्वाशे वर्षांत या एका भागानं आजाराची भीती अनेकदा पाहिली आणि ती कमी करायच्या वाटाही शोधल्या. आज तीच गोष्ट सांगतो.

लपवलेले रोगी

आज जिथं दवाखानेच दवाखाने आहेत, त्या परळमध्ये एकेकाळी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता. १८८० च्या दशकात गव्हर्नरची पत्नी पटकीनं गेली. त्यानंतर गव्हर्नर मलबार हिलला राहू लागले आणि परळचा बंगला ओस पडला. परळच्या आसपास कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं चाळींत दाटीवाटीनं राहू लागली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला. सरकारनं सक्ती सुरू केली. घरं तपासायची, रोगी उचलून इस्पितळात न्यायचे. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, असा लोकांचा समज झाला, कारण नेलेल्यांतले पुष्कळ खरोखरच परत येत नव्हते. मग लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. हजारो माणसं शहर सोडून गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तर जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यात गिरणीकामगार होते.

ती माणसं अडाणी होती म्हणून असं वागली, असं म्हणून पुढं जाता येणार नाही. आपल्या माणसाला कुठं नेलं, काय औषध दिलं, भेटता येईल का, हे त्यांना कुणी सांगतच नव्हतं. काहीच कळत नसलं की मन सगळ्यात वाईट तेच धरून बसतं. पुढं १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा गव्हर्नरच्या त्याच जुन्या बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. रोगाला भिऊन मोठ्या माणसांनी सोडलेल्या घरातच रोगावरचं औषध तयार होऊ लागलं. १९२६ साली जवळच के. ई. एम. रुग्णालय उभं राहिलं, वाडिया कुटुंबाचं बाळंतपणाचं रुग्णालयही त्याच काळातलं. परळ हे नाव दवाखान्यांशी जोडलं गेलं ते असं.

मेहेरबाई

आता कॅन्सरकडे येऊ. टाटा घराण्यातल्या सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई. जन्म १८७९ चा. साडी नेसून टेनिस खेळणारी, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाच्या विरोधात बोलणारी ही बाई. मुंबईतल्या स्त्रियांच्या संघटना उभ्या करण्यात तिचा पुढाकार होता. तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि १८ जून १९३१ रोजी इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये तिचं निधन झालं. घरात पैशाला तोटा नव्हता. तरी तेव्हा या आजारावर उपाय सापडलेला नव्हता.

दोराबजींनी पत्नीच्या नावानं १९३२ मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी निधी उभा केला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांची संपत्ती त्यांच्या ट्रस्टकडे गेली होती. त्या ट्रस्टनं परळला कॅन्सरचं रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथं ८० खाटा होत्या. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. तेव्हा त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. आज खेड्यातल्या बाईला ‘टाटाला जा’ असं सांगतात, त्या नावामागं एका बाईचं असं आजारपण आहे.

ऐकून घेण्याची विद्या

त्याच ट्रस्टनं आणखी एक काम केलं होतं, ते फारसं कुणाला माहीत नसतं. रुग्णालयाच्या पाच वर्षं आधी, १९३६ मध्ये, भायखळ्याजवळच्या नागपाड्यात त्यांनी समाजकार्य शिकवणारी शाळा काढली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. अडचणीतल्या माणसाशी कसं बोलायचं, त्याचं कसं ऐकायचं, त्याला मदत कुठून मिळवून द्यायची, हे तिथं रीतसर शिकवलं जाऊ लागलं. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली.

आज मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा विभाग’ अशी पाटी दिसते. बऱ्याच जणींना वाटतं, तिथं फक्त पैशाचे अर्ज भरतात. ते काम तिथं होतंच. पण ‘मला झोप लागत नाही, मला भीती वाटते, घरी सांगू की नको’ हे बोलायचीही ती जागा आहे. तिथं गेलं म्हणजे आपण वेड्या ठरत नाही. पाय मोडला तर हाडाच्या डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

सांगायचं की लपवायचं?

आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत बाईला तिचाच आजार सांगत नाहीत. ‘ती खचेल’ म्हणून नवरा, दीर, मुलगा डॉक्टरांशी परस्पर बोलतात. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची पाहणी झाली. दहातले जवळपास नऊ डॉक्टर म्हणाले, आम्ही रोग्याला कॅन्सरचं सहसा सांगत नाही. १९७९ साली तीच पाहणी पुन्हा झाली, तर जवळपास सगळेच म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत चित्र उलटं झालं. उपचार सुधारले होते, हे त्याचं एक कारण. आणि न सांगितल्यानं माणसं खचायची थांबत नव्हती, हेही हळूहळू ध्यानात आलं होतं. घरातले पुसलेले डोळे, अर्धवट थांबलेलं बोलणं बाईला दिसतंच. मग ती एकटी अंदाज बांधत बसते.

त्याच देशात १९५२ मध्ये टेरेसे लॅसर नावाच्या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. बरी झाल्यावर ती तशाच ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या बायकांना दवाखान्यात जाऊन भेटू लागली. हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी कसं बोलायचं, हे डॉक्टरनं न सांगितलेलं ती सांगायची. सुरुवातीला काही डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. पण पुढं तेच काम अनेक देशांत पसरलं. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅन्सर रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी कॅन्सर झालेल्यांच्या मनाच्या उपचारांचा वेगळा विभाग सुरू केला.

मुंबईतही १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी सुरू केली. १९८६ मध्ये टाटा रुग्णालयातलेच शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना आश्रम काढला. आजार बरा होण्यापलीकडे गेलाय अशा माणसाचं दुखणं कमी व्हावं, तो एकटा पडू नये, यासाठीचं देशातलं हे पहिलं घर. आणि १९९४ मध्ये स्वतः कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर ही संस्था सुरू केली. जी त्यातून गेली आहे, तिनं नवीला हात द्यायचा, ही टेरेसेबाईंचीच रीत झाली.

इथं एक खरी गोष्ट सांगून ठेवतो. बायकांच्या अशा गटात बसल्यानं कॅन्सर झालेल्यांचं आयुष्य वाढतं, असं मध्यंतरी संशोधकांना वाटलं होतं. नंतरच्या अभ्यासांत ते दिसलं नाही. मात्र मनाचा त्रास आणि दुखणं कमी झाल्याचं दिसलं. म्हणून ‘खूश राहा, नाहीतर आजार वाढेल’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. रडल्यानं गाठ वाढत नाही. घाबरणं हा गुन्हा नाही.

माझंच काय चुकलं?

भीतीच्या जोडीला येते अपराधी भावना. गेल्या जन्मीचं पाप, कुणाची तरी नजर, नवस राहिला, बाहेरचं काही. या विचारांना उत्तर द्यायचं काम ज्यांनी केलं, त्यांत आपली मराठी माणसं होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई या त्यांच्या सहकारी बाईंनी एक निबंध लिहिला. ओठात तंबाखू धरणं, विडीचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणं, कमरेला धोतर घट्ट आवळून कातडी वर्षानुवर्षं घासत राहणं, अशा रोजच्या सवयींतून कॅन्सर कसा होतो, हे त्यात दाखवलं होतं. यात पाप नाही, करणी नाही. कातडीला आणि तोंडाच्या आतल्या नाजूक भागाला वर्षानुवर्षं होणारी इजा आहे.

खानोलकरांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे घडल्या. जन्म १९१७ चा, हुजूरपागेतली विद्यार्थिनी. वडिलांना वाटत होतं मुलीनं डॉक्टर व्हावं. ती जीवशास्त्रज्ञ झाली. शरीराच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांचा अभ्यास करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा तिनं मुंबईत, कॅन्सर संशोधन केंद्रात उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध तिनं अभ्यासला. १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात ती होती. १९८२ मध्ये तिला पद्मभूषण मिळालं. पुढं तिनं अहमदनगर जिल्ह्यातल्या, आजच्या अहिल्यानगरच्या, अकोले भागातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. परळची विद्या अशी डोंगरातल्या पाड्यांपर्यंत गेली.

मिश्री लावायची सवय असलेल्या आपल्यातल्या अनेक जणींना तोंडाचा आजार निघतो. ‘माझ्याच हातानं केलं’ असं म्हणून ती उपचारच नको म्हणते. तिला सांगायचं, मिश्री आजपासून बंद कर, आणि उपचार आजपासून सुरू कर. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमागं एक विषाणू असतो. तो बहुतेक बायापुरुषांच्या शरीरात कधी ना कधी येतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. आणि एका ताटात जेवल्यानं, कुशीत लेकरू घेतल्यानं कॅन्सर कुणाला लागत नाही.

पाठ टेकायला जागा

गावाकडून आलेल्या बाईची निम्मी भीती आजाराची नसतेच. मुंबईत राहायचं कुठं, जेवायचं काय, परत कसं यायचं, याची ती भीती असते. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर रुग्ण आणि नातेवाईक पथारी टाकून राहतात, हे अनेकांनी पाहिलं आहे.

गाडगे महाराजांना हे फार आधी कळलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसानं मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. १९५६ मध्ये महाराज गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांना कॅन्सर झाला तर आईवडिलांसकट राहता यावं म्हणून २००६ पासून सेंट ज्यूड संस्था घरं चालवते. जागा सगळ्यांना पुरत नाहीत, हे खरं. पण मुंबईला निघण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारलं तर कुठं जागा आहे ते कळू शकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेल्वेत आणि एस. टी. तही कॅन्सर रुग्णाला सवलत आहे. राहण्याची आणि खर्चाची सोय लागली, की बाईला निदान त्या रात्री झोप लागते.

बार्शीची वाट

परळचं काम पुढं खेड्यातही आलं. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते नुसती नोंद करायला जात नव्हते. ते पारावर, अंगणात बसून बोलायचे. अंगावरून अवेळी रक्त जाणं, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं, न दुखणारी गाठ, बरं न होणारं तोंडातलं व्रण, ही लक्षणं सांगायचे. काही वर्षांत फरक दिसला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी बायका आधीपेक्षा लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या. नवं यंत्र आणलं नव्हतं. लोकांशी बोलणं वाढलं होतं.

पुढं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निकाल आला. ज्या गावांत त्या विषाणूची एकदाच तपासणी केली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायकांनी भीती बाजूला ठेवून तपासणी करून घेतली, म्हणून जगाला हे कळलं.

आपल्या गटानं काय करायचं

हा सगळा इतिहास वाचल्यावर आम्हाला एक गोष्ट पटली. धीर नुसता सांगून येत नाही. खरं काय ते कळलं, ऐकणारं माणूस मिळालं, राहण्या-खर्चाची सोय लागली आणि पुढची तारीख ठरली, की तो हळूहळू येतो. परळला जे उभं राहायला ऐंशी वर्षं लागली, त्यातलं बरंचसं गटाला गावात करता येतं.

गटातल्या कुणाचा रिपोर्ट आला, तर तिच्यासोबत जाणारी एक जोडीदारीण ठरवा. दवाखान्यात घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. दोघींपैकी एकीनं लिहून घ्यावं. वहीत आधीच प्रश्न लिहून न्यावेत. आजार नेमका कोणता, किती पसरलाय, उपचार कोणता आणि किती महिने, खर्च कोणत्या योजनेतून, पुढची तारीख कोणती. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा.

घरी तिच्याजवळ बसा. ‘तुला काही होणार नाही’ असं लगेच म्हणू नका, ते तिलाही खरं वाटत नाही. अमकी कशी गेली, याच्या गोष्टी तर अजिबात नकोत. ‘तुला कशाची जास्त भीती वाटते?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. पुष्कळदा कळतं, की भीती मरणापेक्षा म्हशीची धार कोण काढेल याची आहे, किंवा केस गेले तर लोक काय म्हणतील याची. मग त्यातलं काही गटाला सोडवता येतं. धार काढायच्या पाळ्या लावता येतात.

रात्री धडधड वाढली तर एक सोपं करून बघायला सांगा. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत हळूहळू बाहेर, असं पाच मिनिटं. दिवसा जमेल तेवढं चालणं, थोडं थोडं खाणं. काळजी दिवसभर करण्यापेक्षा संध्याकाळची एक वेळ ठरवून मैत्रिणीपुढं बोलून मोकळं व्हायचं. देवाला जायचं असेल तर जरूर जा, नवस करा. परळला येणारे कितीतरी जण प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला जाऊन येतात. फक्त उपचाराची तारीख चुकवू नका.

पहिले काही दिवस बहुतेकींना फार जड जातात, मग उपचार ठरला की मन थोडं थाऱ्यावर येतं. पण दोन आठवडे होऊनही झोप, जेवण सुटलेलंच असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. भीतीवरही औषधं आणि समुपदेशन आहे. जगू नये असं वाटू लागलं तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे १४४१६. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गावातली कुणी या आजारातून बाहेर पडली असेल आणि तिची तयारी असेल, तर तिला बोलतं करा. आणि कुणाच्या पेटीच्या तळाशी एखादा रिपोर्ट पडून असेल, तर दोघी मिळून तो बाहेर काढा. वाचता येत नसेल तर आशाताईंकडे न्या. पुढच्या भागात पुन्हा भेटूच.